सेंबेइ : जपानी घरांतील तांदुळाची चकती

एखाद्या राष्ट्राची ओळख करून घ्यावयाची झाल्यास आपण सामान्यतः त्याचे राजे, त्याच्या लढाया आणि त्याचे मोठमोठे कारखाने यांची माहिती मिळवितों. ती माहिती आवश्यक आहे यांत शंका नाहीं. परंतु त्या राष्ट्रांतील माणसें दुपारीं चहाबरोबर काय खातात, पाहुणा आला म्हणजे त्याच्यापुढें काय ठेवितात, आणि सणाचें उरलेलें अन्न टाकून देतात कीं त्याचें पुन्हां कांहीं करितात, हें कळल्यावांचून ती ओळख पुरी होत नाहीं. जपानापुरतें बोलावयाचें तर ह्या तिन्ही प्रश्नांचें उत्तर एकाच लहानशा पदार्थांत बरेंचसें सांपडतें. त्या पदार्थाचें नांव ‘सेंबेइ’. तांदुळाच्या पिठीची ही भाजलेली चकती दिसावयास अगदीं साधी आणि किंमतीनें स्वस्त. पण तिच्या मागें शेतकऱ्याचें शेत, भट्टीवाल्याचे हात आणि असंख्य घरांतील दुपारचा विसावा उभा आहे. तिची हकीकत ह्या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

सेंबेइ म्हणजे काय हें समजण्यास आपल्या घरच्या पापडाचें उदाहरण सोयीचें पडेल. उन्हाळ्यांत आपल्या माताभगिनी तांदुळाची उकड काढून पापड्या लाटतात, अंगणांत खडखडीत वाळवितात आणि वर्षाच्या बेगमीसाठीं डब्यांत भरून ठेवितात. सेंबेइचा प्रारंभ असाच होतो. मात्र पुढें वाट फुटते. आपला पापड पातळ असतो. तो आयत्या वेळीं तळावयाचा किंवा भाजावयाचा, आणि जेवणाच्या ताटांत वाढावयाचा. सेंबेइ त्याहून जाड असते, ती भाजूनच विकावयास येते, आणि तिचें खरें स्थान जेवणाच्या ताटांत नसून चहाच्या पेल्याशेजारीं असतें. तळहाताएवढी वाटोळी, तपकिरी रंगाची, वर चकाकी असलेली ही चकती दांतांखालीं फोडली म्हणजे मोठा आवाज होतो. पातळ चकतीच्या आवाजास जपानी लोक ‘पारी-पारी’ म्हणतात व जाड, टणक चकतीच्या आवाजास ‘बारी-बारी’. आपल्या ‘कुरकुर’ व ‘कडकड’ ह्या शब्दांप्रमाणेंच हेहि ध्वनीवरून बनलेले शब्द आहेत.

तांदुळाच्या ह्या कुटुंबांत तीन भावंडें आहेत, व त्यांचा भेद धान्याच्या जातीवरून होतो. रोजच्या भाताचा जो तांदूळ, त्याची होते ती सेंबेइ. ‘मोची’ नांवाचा लवचिक पदार्थ ज्यापासून करितात त्या चिकट तांदुळाचीं होतात तीं ओकाकी आणि अरारे. ओकाकी म्हणजे मोठे तुकडे व अरारे म्हणजे बारीक दाणे. ‘अरारे’ ह्या शब्दाचा मूळ अर्थच आकाशांतून पडणाऱ्या गारा असा आहे. ह्या भेदाच्या मुळाशीं शास्त्रीय कारण आहे. तांदुळांतील पिष्टसत्त्व दोन प्रकारच्या रेणूंचें बनलेलें असतें. एक लांब सांखळीसारखा, त्यास अमायलोज म्हणतात. दुसरा झाडाप्रमाणें फांद्या फुटलेला, त्यास अमायलोपेक्टिन म्हणतात. चिकट तांदुळांत पहिला जवळजवळ नसतोच. त्यामुळें त्याचे तुकडे भाजतांना सहज फुगतात आणि तोंडांत हलके लागतात. साध्या तांदुळांत पहिल्या प्रकाराचाहि अंश असल्यामुळें त्याची चकती घट्ट राहते व चावावयास जोर लागतो.

आतां कृति पाहूं. तांदूळ धुऊन, निथळून व दळून त्याची पिठी करितात. ती पाण्यांत कालवून वाफेवर शिजवितात, आणि गरम असतांनाच मळून व कुटून तिचा गुळगुळीत गोळा बनवितात. गोळा लाटून साच्यानें वाटोळ्या चकत्या पाडल्या, कीं त्या वाळत घालतात. जुन्या पद्धतीच्या कारागिरास येथें आकाशाकडे लक्ष ठेवावें लागतें. वाळवण फार घाईनें झालें तर चकती तडकते. अपुरें राहिलें तर ती भट्टीवर नीट फुगत नाहीं. वाळलेल्या चकत्या नंतर निखाऱ्यांवरील जाळीवर मांडतात, व येथून पुढचें काम सर्वस्वीं हातांचें आणि डोळ्यांचें असतें. चकतीच्या पोटांत राहिलेल्या थोड्याशा पाण्याची वाफ होते, ती बाहेर पडूं पाहते, आणि आंचेनें मऊ झालेलें पिष्ट तिच्या जोरानें फुगतें. आंच सर्व बाजूंनीं सारखी न लागली तर चकती वांकडी होते. म्हणून ती पुनःपुन्हां उलटावी लागते व दट्ट्यानें दाबून सपाट करावी लागते. शेवटीं कुंचल्यानें तिच्यावर शोयू लावून तिला पुन्हां थोडा शेक देतात.

शोयू म्हणजे सोयाबीन, गहूं व मीठ यांस विशिष्ट बुरशीच्या साहाय्यानें आंबवून कित्येक महिने मुरविलेला काळसर खारट रस. त्यांतील प्रथिनांचे घटक आणि साखर हीं आंचेवर एकत्र आलीं म्हणजे तपकिरी रंग व खमंग वास उत्पन्न होतो. आपल्या भाजलेल्या भाकरीचा खमंगपणा हा त्याच रासायनिक क्रियेचा परिणाम होय. टोकियो शहरांतील आसाकुसा भागांत देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर कांहीं दुकानदार आजहि गिऱ्हाइकांच्या डोळ्यांदेखत सेंबेइ भाजतात. तेथें पाटी वाचण्यापूर्वीं वासच वाटसरूस दुकान दाखवितो.

‘सेंबेइ’ हें नांव ज्या दोन चिनी अक्षरांनीं लिहितात त्यांचा अर्थ ‘भाजलेली पोळी’ असा होईल. नांव चीनमधून आलें आणि मूळ पदार्थहि तिकडूनच आला. पण तो गव्हाच्या पिठाचा होता. पश्चिमेकडील क्योटो, ओसाका व कोबे ह्या भागांत आजहि सेंबेइ म्हटलें म्हणजे गव्हाचें पीठ, साखर व अंडीं यांची गोड, बिस्किटासारखी चकती अनेकांच्या डोळ्यांपुढें येते. तांदुळाची खारट सेंबेइ ही मुख्यतः पूर्वेकडील, म्हणजे आजच्या टोकियोच्या आसपासच्या, प्रदेशाची देणगी आहे. टोकियोचें जुनें नांव एदो. तेथें शोगुनांची सत्ता होती, आणि तेथून निक्कोकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर सेन्जूच्या पुढचा मुक्काम म्हणजे सोका हें गांव. सुप्रसिद्ध कवि बाशो हा १६८९ सालीं उत्तरेच्या प्रवासास निघाला असतां आपल्या प्रवासवर्णनांत त्यानें सोकाचें नांव नमूद केलें आहे.

ह्या सोका गांवाविषयीं एक लोककथा आहे. ओसेन नांवाची एक बाई रस्त्याच्या कडेला तांदुळाच्या पिठाचे उकडलेले गोळे विकीत असे. दिवसाअखेर जे गोळे उरत ते दुसऱ्या दिवशीं कडक होऊन वायां जात, म्हणून ती हळहळे. एके दिवशीं एका प्रवासी सामुराईनें तिला सुचविलें कीं, उरलेले गोळे चपटे करून वाळव आणि भाजून वीक. तिनें तसें केलें, आणि सोकाची सेंबेइ जन्मास आली. ही कथा इतिहासाच्या पुराव्यावर टिकणारी नव्हे. परंतु जी कथा लोक पिढ्यानपिढ्या सांगतात ती त्यांच्या मनांतील कांहीं तरी सांगत असते. आपला आवडता पदार्थ एखाद्या राजाच्या मुदपाकखान्यांत निघाला असें सोकाच्या लोकांनीं सांगितलें नाहीं. एका गरीब बाईनें उरलेलें अन्न वांचविलें आणि त्यांतून तो निघाला, असें सांगण्यांत त्यांस भूषण वाटलें.

ह्या चकतीस आरंभीं नुसतें मीठ लावीत असत. पुढें शोयूचा प्रसार झाला आणि तिचें आजचें रूप सिद्ध झालें. एदो नदीच्या कांठचें नोदा आणि तोने नदीच्या मुखाजवळचें चोशी हीं दोन गांवें शोयूच्या व्यापाराचीं मोठीं ठाणीं झालीं. पिंपें होड्यांत भरून जलमार्गानें थेट राजधानीस नेतां येत, आणि वाटेवरच्या प्रदेशांत तांदूळहि मुबलक पिके. तांदूळ, शोयू, नदी आणि हमरस्ता ह्या चारींचा संगम जेथें झाला तेथें हा धंदा भरभराटला, यांत नवल नाहीं. भूगोलाच्या पुस्तकांत नद्या व रस्ते पाठ करितांना कंटाळा येतो, अशी विद्यार्थ्यांची तक्रार असते. एका खाऊच्या चवीवर नदीचा केवढा परिणाम होतो हें ध्यानीं आलें तर तो कंटाळा कांहींसा कमी होईल.

आतां घरांत डोकावूं. पूर्वीं जपानांत दिवसांतून दोनच वेळां जेवण्याची चाल होती, आणि दुपारीं दोनतीनच्या सुमारास, म्हणजे जुन्या कालगणनेच्या ‘आठव्या’ प्रहरीं, थोडें कांहीं खात असत. आठ ह्या आंकड्यावरून त्या खाण्यास ‘ओयात्सु’ हें नांव पडलें. घड्याळें बदललीं, जेवणें तीन झालीं, तरी नांव कायम राहिलें. आजहि जपानी मूल तीन वाजले कीं आईकडे ओयात्सु मागतें. त्या वेळच्या खाऊंत सेंबेइचा मान जुना आहे. हिंवाळ्यांत ‘कोतात्सु’ नांवाच्या ठेंगण्या मेजाखालीं ऊब ठेवितात, वरून गोधडी पसरतात, आणि घरांतील माणसें पाय आंत घालून सभोंवार बसतात. मध्यें चहाची किटली, संत्रीं आणि सेंबेइची परडी. आजोबांस टणक चकती फोडवत नसली तर आजी ती वेष्टनांतच मोडून तुकडे करून देते. पाहुण्यांसमोरहि चकती आधीं हातानें मोडून लहान तुकडा तोंडांत घालणें सभ्यपणाचें समजतात, म्हणजे चुरा सांडत नाहीं.

वर्षांतून दोन वेळां, उन्हाळ्याच्या मध्यास व वर्षअखेर, ज्यांचे आपणांवर उपकार आहेत त्यांस भेट पाठविण्याची तेथें रीत आहे. गुरु, वैद्य, कचेरींतील वरिष्ठ, नातलग अशा सर्वांस ही भेट जाते. सेंबेइ टिकाऊ असल्यामुळें सुंदर पत्र्याच्या डब्यांत भरून ती अशा वेळीं पुष्कळ पाठविली जाते. दमट हवा हा मात्र तिचा शत्रु. म्हणून प्रत्येक चकती निराळी गुंडाळतात व डब्यांत ओलावा शोषणारी पुडी घालतात. ज्या चकत्या भाजतांना वा भरतांना फुटतात त्या भेटीच्या कामाच्या राहत नाहींत. पण त्या फेंकून देत नाहींत. ‘फुटकी सेंबेइ’ म्हणून त्या पिशव्यांत भरून स्वस्तांत विकतात, आणि चव तीच असल्यामुळें काटकसरी गृहिणी त्याच विकत घेतात.

भाषेंतहि ह्या पदार्थानें घर केलें आहे. वापरून वापरून चपटी झालेली जुनी गादी म्हणजे ‘सेंबेइ-गादी’. तिच्यावर झोंपणारा माणूस गरीब आहे हें निराळें सांगावें लागत नाहीं. १९८० सालीं आकिरा तोरियामा ह्या चित्रकारानें ‘डॉक्टर स्लम्प’ ही विनोदी चित्रकथा सुरू केली. तिच्यांतील वेंधळ्या संशोधकाचें नांव सेंबेइ आणि त्यानें बनविलेल्या यांत्रिक मुलीचें नांव ‘अरारे’ ह्याच शब्दावरून घेतलेलें आहे. खाऊचीं हीं नांवें प्रत्येक जपानी मुलाच्या ओळखीचीं असल्यामुळें त्यांतील विनोद कोणास समजावून द्यावा लागला नाहीं.

सणावारांशींहि ह्या कुटुंबाचा संबंध आहे. नववर्षाच्या वेळीं घरोघर दोन वाटोळ्या मोच्या एकावर एक रचून देवापुढें ठेवितात. कांहीं दिवसांनीं, पुष्कळ ठिकाणीं ११ जानेवारीस, त्या उतरवून प्रसाद म्हणून खातात. तोंवर त्या वाळून दगडासारख्या झालेल्या असतात. परंतु त्यांस सुरी लावीत नाहींत. देवापुढील वस्तूवर शस्त्र चालविणें सामुराईंच्या घरांत अशुभ मानीत. म्हणून त्या हातानें किंवा लांकडी हातोडीनें फोडतात, आणि ‘फोडणें’ हाहि शब्द न उच्चारतां त्या विधीस ‘उघडणें’ म्हणतात. दिवा ‘मालविणें’ न म्हणतां आपण तो ‘शांत करितों’ किंवा ‘निरोप देतों’, त्यांतलाच हा प्रकार. फोडलेले तुकडे वाळवून भाजले कीं झाली ओकाकी. म्हणजे येथेंहि उरलेलें अन्न वायां न घालविण्याची बुद्धीच पदार्थाची जननी ठरली. ३ मार्चला मुलींचा बाहुल्यांचा सण असतो. त्या दिवशीं गुलाबी, पांढरे व हिरवे असे रंगीत अरारे बाहुल्यांपुढें मांडतात.

नारा शहरांतील हरिणांसहि आपला वांटा मिळतो. तेथील उद्यानांत हजाराहून अधिक हरिणें मोकळीं हिंडतात, व १९५७ पासून तीं नैसर्गिक स्मारक म्हणून संरक्षित आहेत. त्यांच्यासाठीं तांदुळाचा कोंडा व गव्हाचें पीठ यांची बिनसाखरेची चकती करितात. ती प्रवाशांनीं विकत घेऊन हरिणांस घालावयाची, आणि विक्रींतील कांहीं भाग त्यांच्याच संरक्षणाकडे जावयाचा, अशी व्यवस्था आहे. चकती दिसतांच कित्येक हरिणें मान लववून नमस्कार केल्यासारखें करितात, आणि ती देण्यास विलंब झाला तर ढुशाहि देतात!

येथवर वाचून कोणास वाटेल कीं ही सर्व सुखाची कथा आहे. तसें नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत, १९४२ च्या अन्ननियंत्रण कायद्यानें तांदूळ सरकारच्या ताब्यांत गेला, आणि जेथें पोटास भात मिळण्याची पंचाईत तेथें खाऊस तांदूळ कोठून मिळणार? युद्ध संपलें तेव्हां देश उपाशी होता. १९४६ सालीं नीगाता प्रांतांतील कामेदा येथें शेतकऱ्यांच्या एका मंडळीनें धान्यापासून काकवीसारखा गोड पाक बनविण्यास आरंभ केला. पुरुषमंडळी घरगुती दारूंत आपलें दुःख विसरूं पाहतात, परंतु बायकामुलांस आनंदाची वस्तु कोणतीच उरली नाहीं, ती त्यांस मिळावी, असा त्यामागें हेतु होता. त्या लहानशा उद्योगाचीच पुढें ‘कामेदा सेइका’ ही सेंबेइ बनविणारी जपानांतील सर्वांत मोठी कंपनी झाली. नीगाता प्रांत तांदुळाविषयीं आधींच प्रसिद्ध होता. प्रांतिक सरकारच्या अन्नसंशोधन संस्थेनें लहानमोठ्या कारखान्यांस शास्त्रीय मार्गदर्शन केलें, आणि आज जपानांतील ह्या मालापैकीं निम्म्याहून अधिक एकटा नीगाता पुरवितो. आपणां भारतीयांस विशेष वाटावें अशी गोष्ट ही कीं, २०२२ सालीं ह्याच कंपनीच्या प्रमुखपदीं लेख राज जुनेजा हे जन्मानें भारतीय असलेले शास्त्रज्ञ निवडले गेले. तरुणपणीं संशोधनासाठीं जपानांत गेलेला आपल्या देशाचा मनुष्य त्या देशाच्या घरगुती खाऊचा कारभारी व्हावा, हा योग लहान नव्हे.

दुसरी हकीकत चोशीची. शोयूच्या त्या जुन्या गांवीं १९२३ पासून एक चिमुकली आगगाडी चालते. तिच्या रुळांची लांबी अवघी ६.४ किलोमीटर. गांव ओसरत गेलें तसे उतारू कमी झाले, आणि तिकिटांच्या पैशांत गाडी चालविणें कठीण पडूं लागलें. तेव्हां १९९५ पासून रेल्वे कंपनीनें ‘नुरे सेंबेइ’ विकण्यास आरंभ केला. नुरे म्हणजे ओली; भाजून काढलेली चकती गरम असतांनाच शोयूंत बुडवितात, त्यामुळें ती कुरकुरीत न राहतां मऊ व चिवट होते. २००६ सालीं कंपनीजवळ डब्यांच्या दुरुस्तीपुरतेहि पैसे उरले नाहींत. त्या वेळीं तिच्या नोकरांनीं लोकांस उघड विनंती केली कीं, गाडी चालू राहावी म्हणून आमची सेंबेइ विकत घ्या. त्यांनीं दान मागितलें नाहीं; आपला माल घेण्यास सांगितलें. देशभरांतून हजारों मागण्या आल्या, दुरुस्ती झाली आणि गाडी वांचली. त्यानंतर ह्या कंपनीस तिकिटांहून खाद्यपदार्थांचें उत्पन्न अधिक येऊं लागलें. म्हणजे तांदुळाच्या चकतीनें शाळकरी मुलांची व म्हाताऱ्या माणसांची आगगाडी ओढली, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

तथापि पुढचा काळ सोपा नाहीं. १९६२ सालीं जपानी माणूस वर्षाकांठीं सरासरी ११८ किलो तांदूळ खात असे. हल्लीं तें प्रमाण निम्म्यावर येऊन सुमारें ५० किलोंच्या आसपास उतरलें आहे. पाव, शेवया व चॉकोलेट यांनीं मुलांच्या आवडी बदलल्या. उलट, २०२४ च्या उन्हाळ्यांत तांदुळाची टंचाई होऊन दुकानांतील फळ्या रिकाम्या पडल्या, आणि पुढील वर्षीं भाव आदल्या वर्षाच्या जवळजवळ दुप्पट झाले. मोठा कारखाना असा धक्का सोसतो; हातानें चकत्या उलटणाऱ्या एकट्या कारागिरास तो जड जातो. यंत्राची सेंबेइ सारख्या रंगाची, सारख्या आकाराची व स्वस्त असते, आणि तिच्यामुळेंच हा खाऊ गरिबाच्याहि घरीं रोज पोंचतो, हें नाकबूल करून चालणार नाहीं. परंतु निखाऱ्यावर चकती केव्हां उलटावी हें ज्ञान पुस्तकांत लिहिलेलें नसतें. तें बापाच्या हातांतून मुलाच्या हातांत जातें. मुलगा दुसऱ्या धंद्यास गेला कीं तें ज्ञान त्या घरापुरतें संपतें. सोकांत ही कला शिकविण्याचे व पाहुण्यांकडून स्वतः सेंबेइ भाजवून घेण्याचे प्रयत्न चालू आहेत, ते ह्याच भीतीपोटीं.

वाचकहो, ह्या लहान चकतीचा इतिहास पाहिला तर त्यांत एकच सूत्र पुनःपुन्हां आढळतें. ओसेनचे उरलेले गोळे, देवापुढील वाळलेली मोची, भरतांना फुटलेले तुकडे, तांदुळाचा कोंडा, बंद पडूं पाहणारी आगगाडी, ह्यांपैकीं एकहि गोष्ट त्या लोकांनीं निरुपयोगी म्हणून टाकून दिली नाहीं. अन्नाचा कण वायां घालवूं नये असें आपल्याकडील वडील माणसेंहि सांगत आलीं आहेत. उन्हाळ्यांत आपल्या अंगणांत पापड्यांचें वाळवण पडेल तेव्हां राखण करावयास बसलेल्या मुलांनीं ही गोष्ट आठवावी, आणि उकडीचें प्रमाण, उन्हाची वेळ, लाटण्याची जाडी हें सर्व आजीस विचारून घ्यावें. तिच्या हातांत जें ज्ञान आहे तेंहि कोणत्याच पुस्तकांत पुरतेपणीं लिहिलेलें नाहीं.